डीकनकाकांचं ग्रीनहाउस

काका फेब्रुवारीत गेले. लेक मिशिगनच्या काठचा तो ऐन बर्फाचा काळ, त्यामुळे शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून मिशिगनमधल्या कलामझूपर्यंत गाडी घालायची हिंमत झाली नाही आणि अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला. उन्हाळ्यात जाऊ म्हणता म्हणता ऑक्टोबर आला. मग काकूंचाच फोन आला. कॅथलिक लोकांचा मृतात्म्यांचा दिवस असतो २ नोव्हेंबरला, आणि २०२५ साली तो रविवारी येत होता. वर्षभरात गेलेल्यांची नावं त्या दिवशी चर्चमध्ये वाचतात. "या वेळी या, आणि तुमच्या त्या झाडाचं लग्नही याच दिवसांत असतं ना?" त्या म्हणाल्या. कार्तिकी द्वादशी काकूंच्या लक्षात होती, माझ्या नव्हे!

ज्यांना हे काका कोण ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवऱ्याची नोकरी कलामझूशेजारच्या पोर्टेजमध्ये, औषधांच्या कारखान्यात होती. अपजॉन कंपनीचं हे मूळ गाव. १८८६ पासून इथे गोळ्या तयार होतात, आणि करोनाच्या लशीचे अमेरिकेतले पहिले खोके डिसेंबर २०२० मध्ये इथूनच बाहेर पडले. त्या कारखान्याच्या आसऱ्याने बरीच मराठी घरं या भागात आली. ग्रीनकार्ड झाल्यावर मी वसंतातल्या सीझनला एका ग्रीनहाउसमध्ये कामाला जायचे. त्याचे मालक म्हणजे आमचे काका. आठवडाभर मातीत हात, आणि रविवारी अंगावर डीकनची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या दीक्षित सेवकाची, वस्त्रं.

शुक्रवार : भोपळे, भुतं आणि सेलरीचं सूप

सोबत वसईची कॅथलिक मैत्रीण होती. ती सोबत असावी हा माझाच हट्ट, कारण मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कधी उठायचं, कधी बसायचं आणि कधी गुडघे टेकायचे, हे मला इतक्या वर्षांत धड जमलेलं नाही.

प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. इंडियाना टोल रोड सोडून आय-९४ धरला की पुढे मिशिगनमध्ये टोल नाहीत. मात्र शिकागोकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मिशिगनच्या या भागात घड्याळ एक तास पुढे असतं. चारला पोचू म्हणून सांगितलंत तर तिथले पाच वाजलेले असतात, आणि काकूंसारखी माणसं पाचला जेवायचं ताट वाढतात.

त्या दिवशी हॅलोविन. काकूंच्या ओसरीवर मक्याच्या वाळक्या ताटांच्या पेंढ्या उभ्या होत्या, पायऱ्यांवर भोपळे होते आणि दारात पोरांची रांग. पांढऱ्या केसांच्या काकू मोठा वाडगा मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेल्या. एक पोरगं सूर्यफूल होऊन आलं होतं. त्याला त्यांनी दोन चॉकलेटं जास्त दिली. "धंद्यातला माणूस आहे," म्हणाल्या.

आम्ही दिवाळीचा उरलेला फराळ नेला होता. चकल्या काकूंना ठाऊक आहेत, चिवडा त्या चमच्याने खातात. रात्री त्यांनी सेलरीचं सूप केलं. हे सूप इथे उगाच होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच लोकांनी इथल्या काळ्या दलदलीच्या जमिनीत सेलरी लावली, आणि कलामझूला सेलरीचं शहर म्हणायला लागले. पोर्टेजमध्ये त्या काळाची आठवण म्हणून सेलरी फ्लॅट्स नावाचा भाग जपलाय. हातात तासभर असेल तर फेरी मारावी. पुढे सेलरी मागे पडली आणि त्याच कुटुंबांनी पॅन्सी, पिटुनिया, टोमॅटोची रोपं करायला घेतली. आज वसंतात अंगणात लावायच्या रोपांचा मोठा व्यापार इथून चालतो.

काकू त्या डच सेलरीवाल्यांपैकी एकाची लेक. घर रिफॉर्म्ड चर्चचं, म्हणजे प्रॉटेस्टंट, कडक. आणि त्यांनी लग्न केलं ते वडिलांच्या ग्रीनहाउसमध्ये बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या कॅथलिक जर्मन पोराशी. "आमच्यात तेव्हा हे म्हणजे केवढं!" एवढंच बोलून त्या हसल्या. वसईच्या मैत्रिणीला आणि मला ते 'केवढं' समजावून सांगायची गरज नव्हती. सासऱ्याने दोन वर्षं जावयाशी बोलणं टाकलं होतं. मग एका जानेवारीत रात्री वीज गेली, आणि पहाटेपर्यंत काचेखाली रॉकेलचे स्टोव्ह पेटवत राहिला तो हाच जावई. बोलणं तिथून सुरू झालं, आणि कालांतराने ग्रीनहाउसही त्याच्या हाती आलं.

काका डीकन झाले ते पन्नाशीच्या जवळपास. डीकन म्हणजे धर्मगुरू नव्हे. बाप्तिस्मा देता येतो, लग्न लावता येतं, अंत्यविधी आणि प्रवचन करता येतं. मिस्सा अर्पण करता येत नाही आणि पापनिवेदन ऐकता येत नाही. शेकडो वर्षं ही फक्त धर्मगुरू होण्याआधीची एक पायरी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कायमच्या डीकनपदाची वाट पुन्हा मोकळी केली आणि संसारी पुरुषांना ते खुलं झालं. अमेरिकेला परवानगी मिळाली १९६८ साली. मुंबईतही आता असे लग्न झालेले डीकन आहेत, असं मैत्रीण म्हणाली. यात एक अट अशी की बायकोची संमती हवी. काकूंनी ती दिली, पण स्वतःची एक अट घालून: मे महिन्यात वर्ग, शिबिर, काही म्हणजे काही नाही. मदर्स डेच्या आठवड्यात ग्रीनहाउस सोडून कुणी देवाच्या कामालाही जायचं नाही!

शनिवार : लाल पानं आणि मातीखालचे कांदे

सकाळी ढगाळ, बारीक पाऊस, हात खिशातून निघू नयेत अशी थंडी. आणि ग्रीनहाउसचं सरकतं दार ढकललं की चष्म्यावर वाफ. ओली माती, कोमट पाणी आणि गरम पाइपावरची धूळ यांचा तो वास आला आणि मी लगेच कामाला असल्यासारखी बाह्या वर करायला लागले. आता सगळं काकांची लेक बघते. तिने हातात झारी दिली नाही एवढंच.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे पॉइन्सेटियाचा. पाचगणीला बंगल्यांच्या कुंपणाशी हे झाड डोक्यापेक्षा उंच वाढलेलं आपण पाहतो. इथे ते सहा इंची कुंडीत, हजारोंनी, एका उंचीचं. लाल दिसतात ती पानं. फूल म्हणजे मधली ती पिवळी बोंडं. या झाडाला रंगायला अंधार लागतो. सप्टेंबरच्या शेवटापासून रोज साधारण चौदा तासांची सलग रात्र मिळाली तर आठ-दहा आठवड्यांत ते भरतं. मध्येच कुणी दिवा लावला की रंग लांबणीवर. समोरच्या रस्त्यावर खांबाचा दिवा बसला त्या वर्षी कडेच्या ओळीची झाडं डिसेंबरपर्यंत हिरवीच राहिली होती. तेव्हापासून त्या बाजूला काळा पडदा. संध्याकाळी पाचला ओढायचा, सकाळी आठला उघडायचा. काका आजारी असतानाही खुर्ची टाकून वेळ बघत बसायचे, असं लेक म्हणाली.

पलीकडच्या थंड खोलीत नुसत्या मातीच्या कुंड्या. बघायला काहीच नाही, आणि काकांचं सगळं कसब तिथेच. ते ईस्टर लिलीचे कांदे. मूळ जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचं फूल. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कांदे जपानमधूनच यायचे. युद्धात ते थांबले, आणि आज जवळजवळ सगळे कांदे कॅलिफोर्निया आणि ऑरेगॉनच्या सीमेवरच्या एका अरुंद किनारपट्टीतून येतात. शरदात कांदा आला की त्याला सुमारे हजार तास, म्हणजे सहा आठवडे थंडी द्यायची. मग उबेत आणायचं. आणि तो फुलला पाहिजे बरोबर ईस्टरच्या आठवड्यात; आठवडाभर उशीर झाला तर कुणी फुकट नेत नाही.

गोची अशी की ईस्टर एका तारखेला येत नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्यांचा हिशोब. २०२४ ला ३१ मार्च, २०२५ ला २० एप्रिल, २०२६ ला ५ एप्रिल. आपल्याकडे अधिक महिना आला की गणपती पुढे जातात तेव्हा मूर्तिकाराला महिनाभर सवड मिळते. इथे कांद्याला कोण सांगणार?

काका सांगायचे. जानेवारीत ते एक रोप बळी द्यायचे. टेबलावर आडवं ठेवून पानं एकेक सोलायची, बाहेरची संपली की भिंगाखाली सुईने आतली, केसासारखी बारीक, न उलगडलेली. सगळी मोजायची. किती उलगडली, किती राहिली, दिवस किती हातात आहेत, म्हणजे रोज किती पानं उलगडायला हवीत. कमी पडत असतील तर बॉयलर दोन अंश वर, जास्त असतील तर खाली. कळी डोळ्यांना दिसली की तिथून फूल उमलायला साधारण ३० ते ३५ दिवस. हा सगळा हिशोब पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर पेन्सिलीने. लेकीने बऱ्याच वर्षांच्या पट्ट्या एका कॉफीच्या डब्यात ठेवल्यात. मी दोन-तीन काढून पाहिल्या. एकीवर आकड्यांखाली लिहिलं होतं, 'मेणबत्ती – गळा खराब – मध.'

मला कळेना. मैत्रिणीला लगेच कळलं. ईस्टरच्या आदल्या रात्री, अंधाऱ्या चर्चमध्ये मोठी मेणबत्ती पेटवून आणतात आणि तिच्यासमोर एक लांब स्तुतिगीत गातात. ते गायचा मान डीकनचा. म्हणजे लिली फुलवायच्या त्याच आठवड्यात काकांना गळाही सांभाळायचा असायचा. त्या गीतात मेणबत्तीचं मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचा उल्लेख येतो. काका तिथे हमखास जरा रेंगाळायचे, असं लेक म्हणाली. कीटकनाशक फवारताना मधमाश्यांची वेळ टाळणारा माणूस तिथे रेंगाळणारच!

(घरी लिली नेणार असाल तर दोन गोष्टी. पिवळे परागकोश चिमटीने काढून टाका. फूल जास्त दिवस टिकतं आणि कपड्यांवर डाग पडत नाहीत. आणि घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरतं.)

शेवटच्या टोकाला, बॉयलरच्या भिंतीलगत, आमचं बाक. हे कसं सुरू झालं ते सांगते. आमच्या तिथल्या पहिल्याच ऑक्टोबरात मी तुळशीची कुंडी कडेवर घेऊन या दारात आले होते. घराच्या खिडकीत ती काळी पडत चालली होती. काकांनी एक पान चुरडून वास घेतला, नाव विचारलं, पट्टीवर लिहिलं आणि कुंडी उबदार पाइपावर ठेवली. "मेमध्ये ये." पैसे विचारले तर हात हलवला. मी डबा नेला. मग पोर्टेजमधल्या इतर घरांतून कढीपत्ता आला, मोगरा आला, गवती चहा आला. कुणाच्या सासूबाईंनी पुण्याहून आणलेलं ब्रह्मकमळाचं पानही आलं. प्रत्येक कुंडीत पिवळी पट्टी, तिच्यावर मालकाचं आडनाव काकांच्या स्पेलिंगमध्ये. कुळकर्ण्यांचं तर ओळखू येत नाही. हिवाळ्यात हे बाक तापतं ठेवायचा खर्च लक्षात घेता धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार, आणि लेकीने तो बंद केलेला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "डबे येतात ना!"

रविवार : नावं आणि मंगलाष्टकं

रात्री घड्याळं एक तास मागे गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हे होतं. या आठवड्यात प्रवास करणाऱ्यांनी फोनवरच विश्वास ठेवावा. मोटेलच्या भिंतीवरचं घड्याळ जुन्याच वेळेत होतं.

चर्च साधं, विटांचं. वेदीसमोर टेबलावर वर्षभरात गेलेल्यांचे फोटो. बहुतेक सूट-टायमध्ये, काका टोपी घालून, हातात पॅन्सीचा ट्रे. धर्मगुरूंच्या अंगावर जांभळी वस्त्रं होती. शेजारी नवा डीकन, पेशाने शाळेचा बसचालक, डाव्या खांद्यावरून तिरका पट्टा घेतलेला. नावं त्यानेच वाचली. नाव वाचलं की घरचं कुणीतरी उठून मेणबत्ती लावायचं. काकांचं नाव आलं तेव्हा काकू उठल्या, आणि मागच्या बाकांवर आणखी बरीच माणसं उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यात दोन मेक्सिकन कुटुंबं होती, सीझनला कामाला येणारी, एक पोलिसवाला होता, आणि आम्ही.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत इतरधर्मीयांनी तोंड किंवा हात पुढे करू नये. एक तर जागेवर बसून राहावं, नाहीतर छातीवर हात आडवे ठेवून जावं, आशीर्वाद मिळतो. नवरा बसून राहिला. मी गेले.

नंतर तळघरातल्या हॉलमध्ये जेवण. हॅम, बीन्स, हिरवी थरथरती जेली, आणि वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा घातलेले चीझमधले बटाटे. शाकाहाऱ्यांनी या बटाट्यांवर भिस्त ठेवावी, पण आधी विचारावं. त्यात बहुधा चिकन सूपचा डबा ओतलेला असतो. आमच्या वाट्याला काकूंनी वेगळं भांडं केलं होतं.

गोष्टी मात्र इथे ऐकायला मिळाल्या. पोलिसवाल्याने १९८० ची सांगितली. १३ मेला कलामझूच्या मध्यातून टोर्नेडो गेला, पाच माणसं दगावली. मदर्स डे होऊन दोनच दिवस झालेले, ग्रीनहाउसमध्ये निम्मा माल शिल्लक. दुसऱ्या दिवशी काका ट्रक घेऊन शहरात गेले. काच कशी झाडायची आणि प्लायवूड कसं ठोकायचं हे माझ्यापेक्षा कुणाला माहीत, म्हणाले. तेव्हा ते डीकन वगैरे काही नव्हते. मेक्सिकन बाईंची गोष्ट त्यांच्या मुलीने इंग्रजीत सांगितली. तिचा बाप्तिस्मा काकांनी केला होता, आणि नखांत काळी माती होती हे फोटोत दिसतं. फोटो तिने फोनवर दाखवला. खरंच दिसतं.

दफनभूमीत वारा होता. मैत्रीण म्हणाली, वसईत या दिवशी कबरींवर इतकी फुलं आणि मेणबत्त्या असतात की पाय ठेवायला जागा नसते. इथे तसं नाही. ज्याची त्याची एखादी कुंडी. काकांच्या दगडाशी लेकीने पॉइन्सेटिया ठेवला नाही. "थंडीत तासाभरात मरेल, बाबा ओरडले असते." पाइनची माळ ठेवली.

संध्याकाळी बाकापाशी तुळशीचं लग्न. पोर्टेजची सात-आठ घरं जमली. उसाची सोय दरवर्षी ठरलेली: हॅलोविन संपलेलं असतं, तेव्हा ओसऱ्यांवरची मक्याची ताटं उचलून आणायची. चिंचा-आवळ्यांऐवजी क्रॅनबेरी. अंतरपाट म्हणून पहिल्या वर्षी कुणीतरी पॉइन्सेटियाचा काळा पडदा काढला होता, त्यावर जोशीकाकू केवढ्या भडकल्या होत्या! तेव्हापासून रोपांवर दहिवरासाठी घालतात ते पांढरं कापड. काका ते एका बाजूने धरायचे आणि दरवर्षी तेच बोलायचे: "लग्न लावायचा अधिकार इथे फक्त मला आहे, आणि मला कुणी विचारत नाही."

यंदा कापड लेकीने आणि वसईच्या मैत्रिणीने धरलं. मंगलाष्टकं फोनवरून लावायचा बेत होता, पण आत रेंज येईना. मग नवऱ्याने आणि जोशीकाकूंनी आठवतील तशी म्हटली, तिसऱ्यानंतर पहिलंच परत. काकू खुर्चीत बसून अक्षता टाकत होत्या, जरा लवकरच. 'सावधान' व्हायच्या आधी.

सोमवार : साउथ हेवन मार्गे परत

थोडी वाट वाकडी केली. साउथ हेवन कलामझूपासून पाऊण-एक तासावर, लेक मिशिगनच्या काठावर. उन्हाळ्यात इथे गाडी लावायला जागा नसते. नोव्हेंबरात लाल दीपगृहापर्यंत जाणारा धक्का मोकळा होता. पण लाटा धक्क्यावर चढत असतील तर पुढे जाऊ नये, माणसं वाहून जातात. आम्ही काठावरूनच पाहिलं आणि ब्लूबेरी-पाय (pie) खाल्ला. ब्लूबेरीचा हंगाम उन्हाळ्याचा, तेव्हा फ्रोझनच असणार. चव मात्र झकास.

ग्रीनहाउसमधून या दिवसांत झाड आणणाऱ्यांसाठी: दुकानातून गाडीपर्यंतसुद्धा कागदात गुंडाळूनच न्यावं, गाडी आधी गरम करून ठेवावी, आणि वाटेत जेवायला थांबलात तर झाड गाडीत सोडू नये. पॉइन्सेटियाला दहा अंश सेल्सियसच्या खालची थंडी सोसत नाही. आम्ही दोन कुंड्या घेऊन ब्लूबेरी-पायच्या दुकानात शिरलो, आणि मालकीणबाईंनी कागदावरचा शिक्का पाहून विचारलं, डीकनच्या इथल्या का?

लेकीने मार्चच्या शेवटच्या शनिवारी मला कामाला लावलंय. लिलीला कागद गुंडाळायला माणसं कमी पडतात.